चेंबर म्हणजे गटाराचं नव्हे! (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी भाचीकडे अमेरिकेत मिनेसोटाला गेलो होतो त्याबद्दल लिहिलं होतं, आणि त्यात जाता जाता चार ओळी सेंट पॉल चेंबर ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमावर होत्या. गंमत बघा, बर्फावर दोन पानं खर्ची घातली, त्यावर एक पत्र नाही, आणि या चार ओळींवर मेलबॉक्स भरला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, काही प्रश्न तर एकसारखेच होते, म्हणून त्यातले निवडून घेतलेत. नावं छापू नका असं दोघातिघांनी सांगितलं होतं त्यामुळे सगळ्यांचीच गाळली, फक्त गावं ठेवली.

प्रश्न : सर, 'चेंबर ऑर्केस्ट्रा' वाचून आमच्या घरात हसाहशी झाली. आमच्याकडे चेंबर म्हणजे गल्लीतलं ड्रेनेजचं, ज्याचं झाकण कायम गायब, आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेजवर किशोर-आशाची गाणी. हे नक्की काय प्रकरण आहे? (इचलकरंजी)

उत्तर : झाकणाबद्दल पूर्ण सहानुभूती, आमच्याही गल्लीत तेच आहे. पण हे चेंबर म्हणजे खोली, दालन. युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या वाड्यात दिवाणखान्यात जे संगीत चालायचं ते चेंबर म्युझिक. चर्चमधलं वेगळं, थिएटरमधलं वेगळं आणि हे बैठकीतलं. आपल्याकडे दरबारी बैठक असायची तसंच, फक्त गादी-लोड नाहीत आणि पान नाही.

आता आकडा. मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणजे ८० ते १०० माणसं. चेंबर ऑर्केस्ट्रा साधारण २५ ते ४०. पहिली व्हायोलिनं सहाएक, दुसरी पाच-सहा, व्होयोला (व्हायोलिनची थोरली बहीण) चार, चेलो तीन-चार, डबल बास एखाद-दुसरा, मग बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, हॉर्न या फुंकायच्या वाद्यांची जोडी-जोडी, लागलं तर ट्रम्पेट आणि टिंपनी म्हणजे नगारे. बस, संपलं.

पण फरक नुसता डोकी मोजून कळत नाही. शंभर ढोलांच्या पथकात एकाचं टिपरू चुकलं तर रस्त्यावरच्या कोणाला पत्ता लागत नाही, पण दहा जणांच्या भजनी मंडळात एक टाळ मागेपुढे झाला की म्हातारी माणसं मान वळवून बघतात. चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे ते भजनी मंडळ. लपायला जागाच नाही. मोठ्या ऑर्केस्ट्रात सोळा व्हायोलिनं मिळून एक आवाज होतो, इथे सहा जण वाजवतात आणि नीट कान दिला तर सहाही ऐकू येतात.

आणि हे लहान रूप म्हणजे काही काटकसर नाहीये बरं का. अठराव्या शतकातल्या हायडन, मोझार्ट या संगीतकारांनी जे लिहिलं ते बरंचसं एवढ्याच माणसांसाठी लिहिलं होतं, कारण त्यांच्या मालकाकडे एवढीच माणसं होती! नंतर एकोणिसाव्या शतकात हॉल मोठे झाले, ऑर्केस्ट्रा फुगत गेला आणि जुनं संगीतही फुगवून वाजवायची सवय लागली. विसाव्या शतकात लोकांना वाटलं की हे जरा जास्त होतंय. स्वित्झर्लंडमध्ये पॉल साखरने १९२६ ला बाझेल चेंबर ऑर्केस्ट्रा काढला, मग युद्ध संपल्या संपल्या १९४५ मध्ये श्टुटगार्ट आणि झुरिक, पुढे लंडनला नेव्हिल मॅरिनरची मंडळी. एलपी रेकॉर्डचा जमाना होता, त्यामुळे हे छोटे वाद्यवृंद घराघरात पोचले. विवाल्डीचं 'फोर सीझन्स' आज लिफ्टमध्ये आणि बँकेच्या होल्डवर वाजतं त्यामागे या लोकांचा हात आहे, आता याला पुण्य म्हणायचं का पाप ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : दादा, मी आयटीत आहे, चार वर्षं मिनियापोलिसला राहतो, म्हणजे नदीच्या या बाजूला. सेंट पॉलमध्ये असं काही आहे हे तुमच्या लेखामुळे कळलं, लाज वाटली थोडी. एवढ्याशा शहरात पूर्णवेळ पगारी चेंबर ऑर्केस्ट्रा आला कुठून? (मूळ सातारा)

उत्तर : लाज कसली त्यात, मी पुण्यात तीस वर्षं राहून शनिवारवाडा आतून एकदाच बघितलाय, तोही पाहुणे आले म्हणून.

सेंट पॉल म्हणजे राज्याची राजधानी असली तरी लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे वरच्या प्रश्नातल्या वाचकांच्या इचलकरंजीएवढं शहर म्हणा. मिसिसिपीच्या पलीकडे तुमचं मिनियापोलिस, तिथे १९०३ पासूनचा मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा (आताचा मिनेसोटा ऑर्केस्ट्रा). दोन शहरांची चुरस जुनी आहे, त्यांच्याकडे आहे तर आपल्याकडे का नाही हा भाव तिथेही आहेच, माणसं सगळीकडे सारखीच. तर १९५९ ला सेंट पॉलच्या लोकांनी 'सेंट पॉल फिलहार्मोनिक' या नावाने एक छोटा वाद्यवृंद सुरू केला, लिओपोल्ड साइप हा पहिला कंडक्टर (बसमधला नव्हे, वादकांसमोर उभा राहून हाताने लय दाखवणारा). सुरुवातीला सगळं अर्धवेळ. शाळेचे हॉल वगैरे. वादक दिवसा शिकवणार, संध्याकाळी वाजवणार. १९६८ मध्ये तो पूर्णवेळ झाला, म्हणजे वादकाचा तोच धंदा, तोच पगार. 'प्रोफेशनल' या शब्दाचा अर्थ तिथे एवढाच आहे. चांगलं वाजवणारे हौशी लोक जगात पुष्कळ असतात, पण सकाळी दहाला तालमीला यायचं आणि घरभाडं त्यातूनच भरायचं हे वेगळं.

आता पैसा कुठून, हा खरा प्रश्न. तर याचं उत्तर तुमच्या टेबलाच्या खणात आहे. चिकटपट्टी! सँडपेपर आणि स्कॉच टेप बनवणारी थ्रीएम कंपनी सेंट पॉलची. त्या कंपनीत सुरुवातीला पैसे घालून तिला बुडण्यापासून वाचवणारा माणूस ल्युशियस ऑर्डवे, कंपनी मोठी करणारे मॅकनाइट आणि बुश, आणि या दोघांच्या नावाने पुढे ज्या फाउंडेशन निघाल्या त्या आजही त्या राज्यातल्या कलेच्या मोठ्या आधार आहेत. ऑर्डवेच्या नातीने, सॅली ऑर्डवे अर्व्हिनने, शहरात चांगलं थिएटर हवं म्हणून कंबर कसली आणि १९८५ च्या जानेवारीत ऑर्डवे थिएटर उघडलं. मी बसलो होतो तो हॉल त्याच इमारतीला नंतर जोडलेला, २०१५ चा, ११०० सीटांचा, फक्त अशा संगीतासाठी बांधलेला. आधी तिथे तीनशे सीटांचं छोटं थिएटर होतं ते पाडून हा केला. छत बघण्यासारखं आहे, गडद लाकडी दांडक्या एकाला एक लावून लाटांसारखं केलेलं, आणि आवाज त्या दांडक्यांच्या फटींतून वर जाऊन फिरून खाली येतो. भाची म्हणाली मामा वर काय बघतोस, स्टेज समोर आहे.

चिकटपट्टीचा अजून एक किस्सा आहे आणि तो मला फार आवडतो. १९७८ मध्ये मिनियापोलिसच्या साउंड ८० स्टुडिओत या लोकांचं रेकॉर्डिंग होतं, अमेरिकन संगीतकार एरन कोपलंडचं 'अॅपलेचियन स्प्रिंग' आणि चार्ल्स आइव्ह्जचं एक काम, कंडक्टर डेनिस रसेल डेव्हिस. ठरलं होतं थेट तबकडीवर कोरायचं, म्हणजे मधे टेप नाही, एडिटिंग नाही, एक बाजू संपेपर्यंत कोणी खोकायचं पण नाही, चुकलं की पहिल्यापासून. थ्रीएमवाल्यांनी त्यांचं नवीन डिजिटल मशीन, जे अजून प्रयोगातच होतं, ते बाजूला लावून ठेवलं, निव्वळ बॅकअप म्हणून. आणि ऐकल्यावर बॅकअपच भारी निघाला! तोच बाजारात आणला आणि त्याला १९८० च्या समारंभात चेंबर म्युझिकचं ग्रॅमी मिळालं, डिजिटल रेकॉर्डिंगला मिळालेलं पहिलं ग्रॅमी. आज तुमच्या फोनमध्ये जे काही वाजतं त्याच्या वंशावळीत या तीन लाखांच्या गावातले वीस-पंचवीस वादक आहेत.

डेव्हिस १९७२ ते ८०, नवीन संगीताचा वेडा. त्यानंतर पिंकस झुकरमन आला ८० ते ८७, जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक. त्याचा आपल्याशी एक धागा आहे. १९६९ ला लंडनला शूबर्टचं 'ट्राउट' पंचक पाच तरुण पोरांनी वाजवलं होतं, त्यात झुकरमन व्होयोलावर आणि डबल बासवर आपला मुंबईचा झुबीन मेहता. झुबीन कंडक्टर व्हायच्या आधी बास शिकला होता हे पुष्कळांना माहीत नसतं. असो, भरकटलो. पुढे ह्यू वुल्फ बरीच वर्षं होता, ९४ पासून बॉबी मॅकफेरिन, तोच तो तोंडाने अख्खा बँड वाजवणारा गायक, तोही यांच्याकडे पदावर होता. आणि २००४ मध्ये यांनी एक धाडस केलं, संगीत संचालक हे पदच काढून टाकलं. एक साहेब नको, त्याऐवजी पाच-सहा 'आर्टिस्टिक पार्टनर', जे वर्षातून काही आठवडे येणार आणि काम करून जाणार. कोणता कार्यक्रम करायचा, कोणाला बोलवायचं यात वादक स्वतः कमिटीत बसतात. त्यातलीच एक पार्टनर पाट्रिसिया कोपाचिन्स्काया, मोल्दोवात जन्मलेली व्हायोलिनवादक, स्टेजवर अनवाणी वाजवते, तिच्याबरोबरच्या शूबर्टच्या 'डेथ अँड द मेडन'ला २०१८ मध्ये दुसरं ग्रॅमी मिळालं.

तुम्ही जाऊन या. पार्किंगचे पैसे तिकिटापेक्षा जास्त होतील कदाचित, ते का ते खाली येतंय.

प्रश्न : मी व्हायोलिन शिकते, हिंदुस्थानी पद्धतीचं. तुम्ही लिहिलं होतं की समोर कंडक्टर नव्हताच. मग सगळे एकदम सुरू कसे करतात? सम कोण दाखवतं? आणि हे लोक आठवडाभर करतात काय? (पुणे)

उत्तर : तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण मी पण तिथे हेच शोधत बसलो होतो.

आम्ही तिसऱ्या रांगेत होतो, जरा डावीकडे. दिवे कमी झाले, सगळे आले, चेलोवाले सोडले तर बाकीचे उभेच राहिले, ट्यूनिंग झालं (ओबो एक सूर देतो, आपल्या तंबोऱ्यासारखा पण दोनच सेकंद), मग शांतता. आणि पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या जागेवरच्या बाईने नाकातून श्वास घेतला. फस्स असा. तिसऱ्या रांगेत ऐकू आला. तो श्वास घेताना व्हायोलिनचं टोक दोन इंच वर गेलं, गज हवेत थांबला, आणि तो श्वास जेवढा लांब तेवढीच पहिली मात्रा. पुढच्या क्षणी सगळेजण एका वेळी आत. म्हणजे लय आधीच सांगून झाली, श्वासात. आपल्याकडे तबलजी आणि गवई नजरेने समेवर भेटतात, इथे समेच्या आधीच भेटतात, एवढाच फरक.

या पहिल्या जागेला कॉन्सर्टमास्टर म्हणतात. पण नुसतं तिच्याकडे बघून चालत नाही. मी नंतर मुद्दाम चेलोकडे बघत बसलो तर तो चेलोवाला मान वळवून सारखा डबल बासकडे बघत होता, बासवाला टिंपनीकडे, आणि हॉर्नवाल्या दोघी एकमेकींच्या खांद्याकडे. नजरेचं जाळं विणलेलं असतं. दोघांत एक स्टँड, पान उलटायचं काम आतल्या बाजूच्याचं, तो दोन सूर सोडून पान उलटतो आणि बाहेरचा वाजवत राहतो, प्रेक्षकाला कळतसुद्धा नाही. आणि प्रत्येक स्टँडवर पेन्सिल. पेन नाही, पेन्सिल.

ती पेन्सिल का तेही सांगतो. तुझ्या लक्षात आलं असेल की तिथे एका गटातल्या सगळ्यांचे गज एकाच दिशेने जातात, वर तर सगळे वर, खाली तर सगळे खाली. हे दिसायला छान म्हणून नाही. गजाच्या मुठीकडे आवाज जड येतो, टोकाकडे हलका, त्यामुळे कुठला सूर खालच्या गजाने घ्यायचा यावर त्या सुराचं वजन ठरतं. कॉन्सर्टमास्टर आधी घरी बसून ओळी-ओळीला खुणा करते, मग ऑर्केस्ट्राचा लायब्ररियन (हो, पगारी लायब्ररियन असतो, त्याचं कामच हे) त्या खुणा सगळ्यांच्या कागदावर उतरवतो. आणि तालमीत त्या परत बदलतात! कंडक्टर असला की तो म्हणेल ते, नसला की चर्चा. चर्चा म्हणजे आपल्याकडे हौशी नाटकाच्या तालमीत होते तशी, प्रत्येकाला मत. फक्त तिथे अडीच तास झाले की तालीम संपली म्हणजे संपली, घड्याळ बघून, कारण करारात लिहिलेलं असतं.

कंडक्टरशिवाय वाजवणारे हे काही पहिले नाहीत. मॉस्कोत १९२२ ला क्रांतीनंतरच्या उत्साहात 'पेर्सिम्फान्स' निघाला, कंडक्टर म्हणजे हुकूमशाही म्हणून तो नकोच! न्यूयॉर्कचा ऑर्फियस १९७२ पासून कंडक्टरशिवाय चालतो, तिथे प्रत्येक कामाला नेतृत्व बदलतं. सेंट पॉलवाले मधले, कधी कंडक्टर असतो, कधी नाही.

आठवडा साधारण असा, की तीन-चार तालमी, मग शुक्रवार ते रविवार तोच कार्यक्रम दोन-तीनदा, आणि सेंट पॉलच्या लोकांचं विशेष म्हणजे एकाच हॉलमध्ये नाही, आजूबाजूच्या उपनगरांतल्या चर्चमध्ये, ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये जाऊन वाजवतात. बाकी वेळ घरी रियाज. आणि या पदावर यायचं तर ऑडिशन पडद्याआडून, बरेच ठिकाणी तर खाली कार्पेट टाकतात म्हणजे टाचांच्या आवाजावरून बाई की बुवा हेही परीक्षकाला कळू नये. अमेरिकेत ही पडद्याची पद्धत रुळल्यावर ऑर्केस्ट्रात बायकांची संख्या वाढली. आपल्याकडच्या काही स्पर्धांना हा पडदा लावावा असं मला फार वाटतं, पण ते जाऊ दे.

प्रश्न : त्या थंडीत वाद्यांना काही होत नाही का? आमच्या तंबोऱ्याला पावसाळ्यात बुरशी येते. (महाड)

उत्तर : होतं ना. तिथे उलटं आहे, बाहेर उणे वीस आणि आत हीटर, हवा इतकी कोरडी की लाकूड आक्रसून चिरतं. म्हणून व्हायोलिनच्या पोटात, त्या एफच्या आकाराच्या भोकातून, ओल्या स्पंजची रबरी नळी सोडून ठेवतात. मुंबईत किंवा तुमच्याकडे ती नळी सोडली तर आत बेडूक होतील. आपल्याकडे सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाका आणि खुंट्या फुगल्या तर जोर लावू नका.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी. मला एकच प्रश्न, हा हिशेब बसतो कसा? तीस माणसांचा वर्षाचा पगार तिकिटातून निघतो? (नाशिक)

उत्तर : नाही निघत. साहेब, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

बॉमोल नावाचा अमेरिकन अर्थतज्ज्ञ होता, त्याने १९६६ मध्ये हे नीट मांडून ठेवलंय. कापड गिरणीत दोनशे वर्षांपूर्वी जे काम शंभर माणसं करायची ते आज दोन करतात, म्हणून पगार वाढवणं परवडतं. पण बेथोव्हेनच्या चौकडीला तेव्हा चार माणसं आणि अर्धा तास लागायचा, आजही चार माणसं आणि अर्धा तास. तीन माणसांत वीस मिनिटांत उरकता येत नाही. पगार मात्र बाकी जगाच्या बरोबरीने वाढवावा लागतो, नाहीतर माणूस कशाला येईल? म्हणजे दरवर्षी खड्डा थोडा खोल होणारच, कोणी कितीही हुशार मॅनेजर आणा.

सेंट पॉलमध्ये तिकिटातून खर्चाचा छोटाच भाग निघतो, बाकी देणग्या, फाउंडेशन, आणि ठेवीवरचं उत्पन्न. मग त्यांनी विचार केला की तिकिटातून नाहीच निघत तर ते महाग कशाला ठेवायचं? उलट स्वस्त करू, हॉल भरू, आणि भरलेल्या हॉलमधल्या लोकांकडूनच देणग्या मागू. महिना ५ डॉलरची मेंबरशिप काढली (नंतर थोडी वाढली), त्यात पाहिजे तेवढे कार्यक्रम ऐका, मुलं आणि विद्यार्थी फुकट. देवळासारखं झालं, आत यायला पैसे नाहीत पण दानपेटी दारात. माझ्या मागे कॉलेजची दहा-बारा पोरं बसली होती ती याच्यामुळेच.

पण सगळं गोड नाही. २०१२ मध्ये करार संपला, तोटा वाढतोय म्हणून व्यवस्थापनाने मोठी कपात मागितली, वादक नाही म्हणाले, आणि ऑक्टोबरमध्ये व्यवस्थापनाने टाळं लावलं. संप नव्हे, टाळेबंदी, गिरणीला लावतात तशी. २०१३ च्या एप्रिलपर्यंत, सहा महिने, संस्थेचा एकही कार्यक्रम नाही. आणि योगायोग असा की त्याच ऑक्टोबरमध्ये नदीपलीकडच्या मिनेसोटा ऑर्केस्ट्रालाही टाळं, ते तर २०१४ च्या जानेवारीपर्यंत! त्यांचा फिनलंडचा कंडक्टर ऑस्मो व्हॅन्स्का मधेच राजीनामा देऊन मोकळा झाला (नंतर परत आला), वादकांनी आपले आपणच कार्यक्रम लावले. दोन शहरं, दोन ऑर्केस्ट्रा, दोन्ही बंद. सेंट पॉलचं मिटलं तेव्हा संख्या ३४ वरून २८ वर आली, पगारालाही कात्री लागली, आणि वय झालेल्या वादकांना एकरकमी देऊन निवृत्तीचा रस्ता दाखवला. तुमच्या बँकेतली व्हीआरएस आठवली असेल. माझं वैयक्तिक मत विचाराल तर हॉलला पैसे मिळतात, माणसाला मिळत नाहीत, हे तिथेही खरं आहे, कारण ज्या काळात वादक कमी केले त्याच काळात तो नवा हॉल बांधायचं चाललं होतं. अर्थात हॉलची देणगी हॉललाच वापरावी लागते, आणि आज त्याच हॉलमुळे त्यांना घर आहे, म्हणजे दोष द्यायचा तरी कोणाला.

मालक आणि वादक यांचं हे भांडण मात्र फार जुनं आहे, आणि त्यातला सगळ्यात सुंदर निषेध हायडनच्या नावावर आहे. तो एस्टरहाझी सरदाराकडे नोकर होता, गणवेश घालून. १७७२ मध्ये सरदार आपल्या हंगेरीतल्या उन्हाळी महालात मुक्काम लांबवतच गेला, वादकांची बायकापोरं दूर आयझेनश्टाटला, रजा कोणी मागायची? हायडनने सिंफनी (म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची, काही भागांची मोठी रचना) लिहिली, ४५ वी. शेवट होतोय असं वाटतं तिथे अचानक संथ भाग सुरू होतो आणि एकेक वादक आपलं वाजवून झालं की मेणबत्ती विझवून वाद्य उचलून निघून जातो. ओबो गेला, हॉर्न गेला, बास गेला... शेवटी दोन व्हायोलिनं उरली, त्यातलं एक हायडन स्वतः. सरदाराला कळलं. दुसऱ्या दिवशी सामान बांधायचा हुकूम निघाला.

प्रश्न : पात्रांव, हे सगळं अमेरिकेचं झालं. आमच्या गोंयकारांनी मुंबईत आयुष्यभर व्हायोलिनं वाजवली, आपल्याकडे असा ऑर्केस्ट्रा का नाही झाला? (मडगाव)

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये गावोगाव पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे, त्यामुळे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओत कागद समोर ठेवला की लगेच वाजवणारे गोव्याचेच. मेहली मेहतांनी, झुबीनच्या वडिलांनी, १९३५ ला बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यातही गोव्याचे वादक होते. तुमच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालजींचे गुरू, यांनी १९५८ मध्ये झेवियर्स कॉलेजात हिंदुस्थानी रागांवर सिंफनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला. हौशी लोकांचा बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२ पासूनचा, जिनी दिनशॉ यांनी तो कित्येक वर्षं अक्षरशः पदरमोड करून चालवला.

मग अडलं कुठे? माणसं होती, वाचता येत होतं, वाद्यं होती. महिन्याचा पगार नव्हता. सकाळी एका स्टुडिओत रेकॉर्डिंग, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी हॉटेलात बँड, आणि मोझार्ट उरलेल्या वेळात. मेहली मेहता स्वतः शेवटी बाहेर गेले, आधी मँचेस्टरला, मग अमेरिकेत. आणि नव्वदच्या दशकात कीबोर्ड आणि कॉम्प्युटर आल्यावर स्टुडिओतली ती मोठमोठी व्हायोलिन सेक्शनही बसली. पगारी म्हणावा असा ऑर्केस्ट्रा आला तो २००६ ला, मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, खुश्रू सुंटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालियेव यांनी मिळून काढलेला. त्यात बरेच वादक बाहेरून येतात यावर टीका होते, पण ते मुंबईत पोरांना पहिलीपासून शिकवतायत, त्यातून दहा-पंधरा वर्षांनी काय निघतं ते बघायचं. गोन्साल्विसांच्या पिढीला असा पगार मिळाला असता तर, असं मात्र मनात येतंच.

प्रश्न : मधेच टाळ्या वाजवल्या तर लोक रागावून बघतात म्हणे, खरं का? (ठाणे)

उत्तर : खरं आहे, मी वाजवल्या. पहिला भाग संपला, मला वाटलं झालं, आणि अख्ख्या हॉलमध्ये माझ्या एकट्याच्या दोन टाळ्या. भाचीने हात धरला. रागावून कोणी बघितलं नाही, एक आजी उलट हसल्या. मोझार्टच्या काळात लोक मधेच काय, वाजत असताना पण टाळ्या द्यायचे, आणि त्याला ते आवडायचं. हा गप्प बसायचा नियम नंतरच्यांचा.

प्रश्न : घरी बसून ऐकायचं तर सुरुवात कशाने करू? सोपं काहीतरी सांगा, आणि फुकट असेल तर बरं. (कोल्हापूर)

उत्तर : फुकट आहे. सेंट पॉलवाल्यांनी त्यांच्या साइटवर पूर्ण मैफिलीच्या मैफिली ठेवल्यात, पैसे नाहीत. 'अॅपलेचियन स्प्रिंग' तेरा वाद्यांच्या मूळ रूपात मिळालं तर ते घ्या, कोपलंडने आधी तेवढ्यांसाठीच लिहिलं होतं, एकेक वाद्य ओळखायला सोपं जातं. आणि वर सांगितलेली हायडनची ४५ वी. ती मात्र फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा, आणि रात्री ऐका, कारण शेवटची ती दोन व्हायोलिनं म्यूट (आवाज दाबणारा चिमटा) लावून वाजतात, इतकी हळू की बाजूच्या फ्लॅटमधला मिक्सर चालू असेल तर ती कधी गेली ते कळणारच नाही.